औषध घेतलंय का?

कोल्हापूर जिल्ह्यात निरोगी माणूस शोधण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. रस्त्यात कुणालाही थांबवून तब्येत विचारा, तो छाती पुढं काढून म्हणेल, "आमाला काय धाड भरलीया?" मग गुडघा सुजून टम्म झालेला असो, नाहीतर साखर तीनशेच्या वर गेलेली असो. बायकांचं उत्तर याहून आखूड. "काय न्हाय," म्हणायचं, पदर खोचायचा आणि कामाला लागायचं.

म्हणून पुण्याच्या एका प्राध्यापक डॉक्टरांनी जेव्हा आमच्या लॅबला कळवलं, की धडधाकट माणसांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व मोजायचंय, दीडशेएक माणसं लागतील, तेव्हा हे काम आठवड्याभरात उरकेल असं मला वाटलं. उरकलंही. निस्तरायला मात्र सव्वा महिना गेला, आणि त्या सव्वा महिन्यात मी आमच्या अक्कांना जेवढं ओळखलं तेवढं आधीच्या सहा वर्षांत ओळखलं नव्हतं.

आमची लॅब म्हणजे एका धर्मादाय दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. अक्का तिथल्या प्रमुख. निपाणीकडच्या, घरात कानडी-मराठीची सरमिसळ, त्यामुळं धाकटी भावंडं त्यांना अक्का म्हणायची. ती हाक दवाखान्यात कशी पोचली कोण जाणे, पण वॉचमनपासून ट्रस्टच्या अध्यक्षांपर्यंत सगळेच त्यांना अक्का म्हणतात. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी जयसिंगपूरजवळच्या जैन शेतकरी घरातली, लग्न होऊन कोल्हापुरात आलेली, लॅबचा डिप्लोमा झालेली आणि कंत्राटावर लागलेली. आमच्या माहेरी दिवस मावळला की चूल बंद, त्यामुळं लोकांना "सकाळी उपाशीपोटी या" हे चारचारदा सांगावं लागतं याचाच मला राग यायचा. राग मला तसा कशाचाही येतो. अक्का म्हणायच्या, "हिच्या तोंडाला झाकाण न्हाय, पर हात हलका हाय." शीर शोधण्यात माझा हात खरंच हलका आहे, तेवढं मी माझ्या तोंडानं सांगते.

रोज सकाळी साडेसातला अक्का मशीनपुढं उभ्या राहायच्या. कंपनीकडून दोन छोट्या बाटल्या येतात, त्यांच्यात ड जीवनसत्त्व किती आहे ते आधीच ठाऊक असतं. मशीननं त्या बाटल्यांचं उत्तर बरोबर दिलं तरच त्या दिवशी माणसांचं रक्त आत जायचं. हे सगळ्याच लॅबमध्ये करतात, नवल त्याचं नाही. अक्का ते उत्तर आलेखाच्या वहीत पेन्सिलीनं मांडायच्या. कॉम्प्युटर हेच दाखवतो की, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "कॉम्प्युटर हाय न्हवं बरोबर, म्हणून सोडून देतोय. मला त्याची चाल बगायची असती." एका मे महिन्यात त्यांच्या पेन्सिलीचे ठिपके रोज केसभर वर सरकत होते. आकडा मर्यादेत, मशीन हिरवा दिवा दाखवतंय, आणि अक्कांनी मशीन बंद केलं. कंपनीचा इंजिनिअर वैतागत आला, दोन तास हुज्जत घातली, आणि शेवटी आतला पंखा धुळीनं माखून मशीन तापत होतं असं निघालं. त्यानं अक्कांना हात जोडले. अक्का म्हणाल्या, "च्या घ्या पावणं, घसा सुकला आसंल भांडून."

पुण्याच्या कामाचा खरा आनंद त्यांनाच झाला होता. ड जीवनसत्त्वाच्या किटमध्ये एक चिठ्ठी येते, नॉर्मल किती ते तिच्यावर छापलेलं असतं. ती चिठ्ठी हातात धरून त्या कितीदा तरी म्हणाल्या होत्या, "ही नार्मल माणसं कुठली गं? ह्यास्नी कधी उसात भांगलाय लावलंय का?" आता आपल्या माणसांचं नॉर्मल आपल्याच मशीनवर मोजायला मिळणार होतं. त्यांनी त्या कामासाठी वहीला नवीन कव्हर घातलं.

आम्ही तीन ठिकाणी रक्त गोळा केलं. दवाखान्याच्या आवारात, जयसिंगपूरला एका व्यापाऱ्यांच्या सभागृहात आणि कोडोलीला दूध संस्थेत, सकाळचं दूध घालायला लोक येतात तेव्हा. रक्त घेतो त्या नळीला लॅबवाले बल्ब म्हणतात, का ते विचारू नका. बल्बवर नंबर आणि नाव घालण्याचा अक्कांचा नियम एकच होता, आधी नाव, मग सुई. भरलेल्या बल्बवर नाव घालायचं नाही, नाव घातलेला बल्ब भरायचा.

रक्ताच्या आधी फॉर्म. पुण्याच्या सरांनी तो शुद्ध मराठीत करून पाठवला होता. त्यातला एक प्रश्न असा होता, की गेल्या तीन महिन्यांत आपण ड जीवनसत्त्वाचे कोणतेही औषध घेतले आहे काय? घेतलं असेल तर ते माणूस या कामातून बाद. सुरुवात कोडोलीला केली; पहिल्या दहा जणांना मी प्रश्न आहे तसा वाचून दाखवला. "काय घेतलंय?" असं प्रत्येकानं विचारलं. रांग दारापर्यंत गेली होती, किटल्या खाली ठेवून माणसं ताटकळत होती. मग मी प्रश्नाला कात्री लावली आणि आमच्या भाषेत मोठ्यानं विचारू लागले, "औषध घेतलंय का?"

ताडताड उत्तरं आली. न्हाय. न्हाय वो. छ्या! कोडोलीत एका गड्यानं हात उडवून सांगितलं, "औषध घ्याया काय झालंय मला? पोरीचं लगीन व्हायचंय अजून!" रांग खदाखदा हसली, मीही हसले आणि 'नाही'पुढं खूण केली. हसताना माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही, कारण मी काही पुण्याहून आलेली नव्हते.

आकडे यायला लागले तशी आम्ही चकित झालो. बहुतेकांचं ड कमी. इतकं ऊन पडतंय, आणि माणसं कोरडी! आमच्या लॅबच्या वॉचमनला तर पटलंच नाही. तो म्हणाला, "मी सकाळपास्नं उन्हातच बसतोय की," आणि बसतो तो कायम लिंबाच्या सावलीत. या कमी आकड्यांच्या गर्दीत आठ जण मात्र उंच निघाले, इतके उंच की डोळ्यांत खुपावेत. सगळ्यांना त्यांचे रिपोर्ट द्यायचं ठरलेलं होतं, त्याप्रमाणं छापील रिपोर्ट गेले. या आठ जणांच्या रिपोर्टवर अर्थातच 'उत्तम' असा शेरा होता.

चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. अक्कांनी स्पीकर लावला. सर सज्जन माणूस, आवाज चढवणारे नव्हेत. ते म्हणाले, "ताई, या आठ जणांनी काही औषध घेतलेलं नाही असं फॉर्म सांगतो. मग इतकं वर कसं? मला वाटतं, दवाखान्यातल्या पेशंटच्या नळ्यांशी अदलाबदल झाली असावी. तसं असेल तर उरलेलं काम पुण्यातच करावं लागेल. ट्रस्टलाही तसं कळवावं लागेल."

ट्रस्टला कळवणं म्हणजे काय ते आम्हाला पुरतं माहीत होतं. असल्या महागड्या तपासण्या बाहेर पाठवाव्यात आणि माणसं कमी करावीत, अशी कुजबुज वर आधीपासून होतीच. त्यांना निमित्त हवं होतं. मी कंत्राटावरची, म्हणजे पहिली मीच. पण मला खरं वाईट वाटलं ते अक्कांसाठी. तीस वर्षं एकाच खोलीत काम केलेल्या बाईला निवृत्तीच्या तोंडावर कुणी बल्ब बदलले म्हणावं!

अक्का फोनवर शांतपणे म्हणाल्या, "सर, आमच्या लॅबमध्ये बल्ब बदलत नाहीत. तरी मला पंधरा दिवस द्या." फोन ठेवला आणि माझ्याकडं वळून आपल्या भाषेवर आल्या. "मशीन चुकलं तर आकडा चुकतोय. बल्ब बदलला तर माणूसच चुकतंय. हे दोन निराळं हाय. आधी मशीनचं बगू."

रक्त गोठल्यावर वर पिवळसर पाणी राहतं, ते सीरम. तपासून उरलेलं सीरम आम्ही डीप फ्रीजरमध्ये जपून ठेवतो. त्या आठही जणांचं सीरम बाहेर काढलं, परत लावलं. आकडे तेच आले. शहरातल्या दुसऱ्या लॅबमध्ये पाठवलं, तिथंही जवळपास तेच. मशीन सुटलं. आता उरली माणसं, आणि आम्ही.

मला वाटलं अक्का आठ जणांना फोन करतील. त्या म्हणाल्या, "फोनवर माणूस न्हाय म्हणतंय आणि ठेवतंय. घरात बसलं की बोलतंय."

पहिलं घर जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याचं. बियाणं-खतांचं दुकान खाली, घर वर. माझ्या माहेरच्या ओळखीचे निघाले, म्हणजे चहा, मग चिवडा, मग परत चहा. अक्का काही विचारेचनात. त्या आपल्या घरातल्या बाईंशी म्हशीच्या दुधाच्या सायीवर बोलत बसल्या. माझी चुळबुळ सुरू झाली. शेवटी अक्का सहज म्हणाल्या, "दुधातनं काय घेतासा का वो?"

"घेतो की," मालक म्हणाले. "पावडर. पुडी येती बगा, ती. करोनापास्नं लागलीया सवय. दर रविवारी घरात समद्यास्नी एकएक."

बाईंनी डब्यातून पुडी काढून दाखवली. ड जीवनसत्त्वच. तेही चांगल्या तगड्या मात्रेचं.

अक्कांनी पुडी हातात फिरवली. "मग ह्या पोरीनं इचारलं तवा न्हाय का म्हणालासा?"

मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या दुकानात शिव्या दिल्या होत्या. "तिनं इचारलं, औषध घेतलंय का. आता सकाळच्या पारी, चार माणसांत, पोरीच्या जातीनं कुणाला आसं इचारावं का? आमच्यात काय भांडान न्हाय, तंटा न्हाय. आमी कशाला औषध घेऊ?"

अक्का तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी मात्र जागच्या जागी मेले. खाली दुकानात रांगेनं मांडलेल्या बाटल्या होत्या, आणि त्या सगळ्या औषधाच्याच होत्या. उसावर मारायचं औषध, सोयाबीनवर मारायचं औषध. आमच्या गावात दवाखान्यातून आणतात त्या गोळ्या, अंगात भरतात ते सलाईन, दुधातून घेतात ती पावडर. आणि कुणी "औषध घेतलं" असा निरोप आला की माणसं हातातलं काम टाकून पळतात, कारण त्याचा अर्थ एकच असतो. लहानपणी माझ्या वडिलांनी फवारणीची खोली मला कधी उघडू दिली नव्हती. आणि मी दीडशे निरोगी माणसांना, भर रांगेत, हसतमुखानं विचारत सुटले होते, की तुम्ही जीव द्यायला विष प्यायलात का? कोडोलीच्या गड्याचं पोरीच्या लग्नाचं उत्तर तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

परतीच्या एसटीत अक्का म्हणाल्या, "फारम पुण्याचा, तोंड तुझं, आणि कान त्येंचा. मदी कोण न्हवतंच बग." त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवडाभरात आम्ही आणखी सहा घरं केली. कधी माझी मोपेड, कधी एसटी. प्रत्येक ठिकाणी अक्का नव्या वाटेनं आत शिरायच्या. कुठं सुनेच्या बाळंतपणावरून, कुठं हाडांच्या डॉक्टरवरून. आणि प्रत्येक ठिकाणी कपाटातून, फळीवरून, देवघरामागून पुडी नाहीतर गोळ्यांचं पाकीट निघालं. सात झाले. सातही सुटले. माझा जीव भांड्यात पडला. आपलं काम चोख, बल्ब बदललेले नाहीत, चूक काय ती एका शब्दाची, आणि तीही अशी की पुण्याचे सरसुद्धा हसतील.

आठवं घर कोडोलीचं. पन्नाशीची बाई, दोन म्हशी, घरचा ऊस. आम्ही गेलो तेव्हा ती वैरण घेऊन आली, लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं, फक्त डोळे उघडे. उसाचा पाला अंग कापतो म्हणून तिकडच्या बायका असाच पोशाख करतात. दिवसभर रानात, पण उन्हाला शिरायला जागा बोटभर. अक्कांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिच्याकडं पुडी नव्हती, गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हतं. दूध सगळं डेअरीला, घरात चहापुरतं. अक्कांनी सतरा प्रकारे विचारलं. तिचा मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "आईला काय झालेलं न्हाय अक्का. रिपोर्टच आलाय की तुमचा, उत्तम म्हणून. भिताडाला लावलाय मी." खरंच कॅलेंडरशेजारी खिळ्याला तो रिपोर्ट अडकवलेला होता.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "विसरली असेल अक्का. सात जणांचं तसंच होतं, हिचंही तसंच असणार. सरांना आठ म्हणून कळवून टाकू."

अक्का थांबल्या. "तुला काय आठवतंय का, हिचं रगात घेताना?"

"नाही," मी म्हणाले. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं. पण मी नाहीच म्हणाले.

त्या परत आत गेल्या आणि त्यांनी स्वतः तिचं रक्त घेतलं. आधी नाव, मग सुई. दुसऱ्या दिवशी आकडा आला. आधीच्या आकड्याच्या पाव हिस्साही नव्हता. दोन-अडीच आठवड्यांत असं उतरत नाही.

मी खुर्चीत बसले आणि सांगितलं. कोडोलीत ती बाई समोर बसलेली असताना मला घरून फोन आला होता. कान आणि खांद्यात फोन धरून मी तिचं रक्त घेतलं, बल्ब कोराच होता. पुढची बाई खुर्चीत बसली, शाळेतली शिक्षिका, घाईत होती, तिचंही घेतलं. मग दोन्ही कोऱ्या बल्बवर अंदाजानं नावं घातली. आठवत होतं मला. गेल्या पंधरा दिवसांत रोज आठवत होतं, आणि रोज मी ते दाबत होते.

"फोन कुणाचा हुता?" अक्कांनी विचारलं.

"सासूबाईंचा."

"काय म्हणत हुत्या?"

"कुकरची शिट्टी सापडत नाही म्हणाल्या."

अक्कांनी मान हलवली. ओरडल्या नाहीत. "घावली का?" एवढंच विचारलं आणि उठून फ्रीजर उघडला.

मग त्यांनी जे केलं ते मी अजून नव्या मुलींना सांगते. ज्याचा रक्तगट ए असतो, त्याचं सीरम ए गटाच्या पेशींना कधी चिकटवून गुठळी करत नाही, केली तर ते सीरम त्याचं नव्हेच. कोडोलीच्या बाईच्या ताज्या रक्ताचा गट निघाला ए. तिच्या नावाच्या जुन्या सीरमचा थेंब अक्कांनी ए पेशींत टाकला, आणि बघता बघता दह्यासारखी गुठळी धरली. शिक्षिकेला फोन केला. त्यांचा गट बी, आणि हो, त्या दर आठवड्याला गोळी घेत होत्या. त्यांच्या नावाच्या सीरमनं बी पेशींची गुठळी केली. ते उत्तम रक्त शिक्षिकेचं होतं, आणि कोडोलीच्या बाईचं कोरडं रक्त शिक्षिकेच्या नावावर बसलं होतं. यात आता शंकेला जागा उरली नाही.

मी त्या दुपारी अक्कांना म्हणाले, आणि हे लिहिताना मला लाज वाटते आहे, की हे फक्त आपल्या दोघींनाच माहीत आहे. सात जणांत आठवी मिसळली तर कुणाच्या बापाला कळणार नाही. तुम्ही सरांना ठणकावून सांगितलंय बल्ब बदलत नाहीत म्हणून. तुमचं नाव जाईल. माझी नोकरीही जाईल, हे मी बोलले नाही, पण ते त्यांना ऐकू आलं असणार.

अक्कांनी स्पीकर लावला आणि पुण्याला फोन केला.

"सर, सात जणांनी पावडर नाहीतर गोळ्या घेतलेल्या. आमचा प्रश्न चुकीचा विचारला गेला. ते बाद करा. आठवा बल्ब बदललेला आहे."

 सर म्हणाले, "तुम्ही तर म्हणाला होता, बदलत नाहीत."

"ते माझं चुकलं."

"कुणाकडून झालं?"

"लॅबकडून झालं, सर."

"मग बाकीचे बदललेले नाहीत कशावरून?"

"कशावरूनच नाही," अक्का म्हणाल्या. "म्हणून सगळ्यांचे रक्तगट विचारून एकेक सीरम ताडून बघणार आहे. दोघांचा गट सारखाच असला तर मात्र मला कळणार नाही. तशी जेवढी आहेत त्यांची यादी वेगळी पाठवते, ती धरायची का सोडायची ते तुम्ही ठरवा."

पुढचे बारा दिवस आम्ही रोजचं काम संपवून दुपारी तेच केलं. लोकांना फोन, गट, थेंब, गुठळी. दुसरा एकही बल्ब बदललेला निघाला नाही. जिथं काही सांगता येत नव्हतं, तिथं अक्कांनी स्वच्छ लिहिलं, सांगता येत नाही. ती यादी वाचून सरांनी काम आमच्याकडंच ठेवलं, आणि ट्रस्टला काय कळवलं ते कळलं नाही, पण मी अजून तिथं आहे. मला अक्कांचा फार अभिमान वाटतो. त्यांच्या तोंडावर हे बोलायची माझी टाप नाही, म्हणून इथं लिहिते.

पण त्याआधी, पुण्याला फोन झाला त्याच संध्याकाळी, मी नवा रिपोर्ट छापून पाकिटात घातला होता. दूध संस्थेच्या गाडीनं कोडोलीला जाईल, अशी तजवीजही केली होती. अक्कांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि परत माझ्याच हातात दिलं.

"पुण्याला मी सांगितलं. कोडोलीला तू सांगायचं."

सकाळी गेलो. बाई गोठ्यात होती. मुलानं खुर्च्या मांडल्या. अक्का बसल्या. मी उभीच होते. भिंतीवरचा रिपोर्ट मी खिळ्यावरून काढला आणि सांगितलं, की हा तुमच्या आईचा नाही. माझ्या हातून दोन बल्बची नावं बदलली. आईंचं ड फारच कमी आहे, डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. हाडं दुखत असतील, पायांत, कमरेत, जिना चढताना.

 मुलानं मान खाली घातली. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तीही आत गेली. गोठ्यातून आलेली बाई उंबऱ्याशी खाली बसली, शेणाचे दोन्ही हात भिंतीला लावून, हळूहळू, आणि तेव्हा मला दिसलं की ती गेल्या खेपेलाही अशीच बसली होती.

"पंधरा दिस मी बोलायचंच सोडलंतं," ती म्हणाली. "पाय दुखत्यात म्हटलं की ह्यो कागदाकडं बोट दावायचा. उत्तम हाय म्हणायचा. मला बी वाटाय लागलं, सोंगच करतोय का काय आपण." तिनं माझ्या हातातल्या नव्या कागदाकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. "म्हंजे माझं पाय खरंच दुखत हुतं, म्हणा की."

मला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून "व्हय" एवढंच आलं.